समोर काय दिसतंय, मामू?

जुलेखाआपांना त्या अख्ख्या आठवड्यात मी खुर्चीवर बसलेलं पाहिलं नाही. खुर्ची होती. चांगली, फिरती, मॅनेजरसाहेबांच्या खुर्चीपेक्षाही नवी. पण तिच्यावर त्यांची पर्स, जेवणाचा डबा आणि घडी घातलेला दुपट्टा असे. त्या स्वतः टेबल आणि खिडकी यांच्यामध्ये येरझाऱ्या घालत. एक फोन कानाला, दुसरा हातात, तिसरा टेबलावर वाजत असलेला. चहाचा कप कुठल्यातरी कपाटावर ठेवून विसरायच्या, आणि तासाभरानं तो गार चहा एका घोटात संपवून म्हणायच्या, "आज चहा बरा जमलाय."

बेताची उंची, भरलेलं अंग, डोक्याला घट्ट स्कार्फ आणि पायात कामगारांचे जाड बूट. त्या बुटांबद्दल मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "यार्डात खिळे असतात गो. चपलेनं यार्डात येणाऱ्याला मी गाडी देत नाय. मग मी कशी चप्पल घालू?"

दोन हजार सोळाचा उन्हाळा होता. तेलाचे भाव पडले होते आणि मस्कतमधल्या प्रत्येक मराठी घरात जेवताना एकच विषय होता: कुणाला साहेबांनी बोलावलं, कुणाला कामावरून सोडलं. माझे बाबा रुसैलच्या औद्योगिक वसाहतीत पाइपांच्या कारखान्यात इंजिनिअर होते. ते रोज घरी येऊन बूट काढायच्या आधी फोन तपासत. मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, सुट्टीत घरी आलेली. कॉलेजला आठवडाभराच्या इंटर्नशिपचं प्रमाणपत्र हवं होतं. बाबांच्या ओळखीचे एक अकाउंट्स मॅनेजर रुसैलमध्येच एका मालवाहतूक कंपनीत होते. त्यांच्याकडे माझी सोय लावून बाबा म्हणाले, "मान खाली घालून काम करायचं. विचारलं तर बोलायचं. आठवडा कसा जाईल कळणार नाही."

रविवारी, म्हणजे तिथल्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, सकाळी मी पोचले तर त्या अकाउंट्स मॅनेजरांचं टेबल रिकामं होतं. त्यांनाच गुरुवारी सोडलं होतं. ही बातमी बाबांपर्यंत पोचलीच नव्हती. माझं काय करायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी मॅनेजर कुरियनसाहेबांनी कॉरिडॉरच्या टोकाकडे बोट दाखवलं. "डिस्पॅचमध्ये जाऊन बस."

डिस्पॅच म्हणजे जुलेखाआपांची खोली. कंपनीच्या गाड्या कुठे निघाल्या, कुठे पोचल्या, कुठे अडकल्या, सगळं तिथून चाले. मी दारातून इंग्रजीत सांगितलं की मला इथे बसायला सांगितलंय.

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "नाव काय?"

मी नाव सांगितलं, आडनावासकट.

"मग मराठी असून इंग्लिश कशाला फाडतेस? आणि बसायला सांगितलं असेल तर चुकीचं सांगितलं. इथं बसला की माणूस झोपतो. उभी रहा. तो फोन उचल."

माझं मराठी तेव्हा घरातल्या घरात वापरायचं, आईनं खडसावल्यावर निघणारं मराठी होतं. शाळेत आम्ही मराठी मुलंसुद्धा आपसात इंग्रजीच बोलायचो. आपांनी त्या आठवड्यात माझ्याशी इंग्रजीचा एक शब्द काढला नाही. मी अडखळले की त्या नुसत्या थांबत, आणि त्यांना थांबणं किती जड जातंय हे त्यांच्या बोटांच्या टकटकीवरून कळे. मी घाईघाईनं कुठलातरी शब्द शोधून काढी. त्या मान डोलावत आणि पुढे चालू लागत.

ड्रायव्हरला फोन लागला की त्यांचं पहिलं वाक्य असे, "गाडी बाजूला घे." ती बाजूला घेतल्याची खात्री झाली की दुसरं, "समोर काय दिसतंय?" पठाण असेल तर हिंदीत, ओमानी असेल तर अरबीत, पण प्रश्न तोच. 'कुठे आहेस' असं त्यांनी कधी विचारलं नाही.

"कुठे विचारलं की माणूस खोटं बोलतो," त्या मला म्हणाल्या. "सगळे पाच मिनिटांवर असतात. इन्शाल्ला पाच मिनिटांवर. समोर काय दिसतंय विचारलं की त्याला खोटं रचायला वेळ लागतो. तेवढ्यात मला कळतं."

गुल खान नावाचा एक पठाण ड्रायव्हर होता, आडदांड आणि हसरा. त्याला विचारलं तर तो म्हणाला, "बाजी, सामने एक ऊँट है, और वो मुझे देख रहा है."

"उसको बोल, बाजी ने यल्ला बोला है," असं म्हणून आपांनी फोन आपटला आणि लगेच दुसरा उचलला. यल्ला म्हणजे अरबीत 'चल, आटप'.

त्यांच्या लायसनची गोष्ट ऑफिसात सगळ्यांना तोंडपाठ होती. ओमानमध्ये गाडीचं लायसन मिळवणं सोपं नाही; भले भले नापास होतात. आपा किती वेळा नापास झाल्या ते त्या कुणाला सांगत नसत. पण का झाल्या ते मजेत सांगत. एकदा परीक्षा चालू असताना त्यांनी राउंडअबाउटवर काच खाली केली आणि शेजारच्या ट्रकवाल्याला ओरडून सांगितलं की तुझ्या मागच्या टायरमध्ये हवा कमी आहे. शेजारी बसलेला परीक्षक म्हणाला, "खलास, मदाम." दुसऱ्यांदा त्यांनी परीक्षकालाच सीटबेल्ट नीट लावायला सांगितला. "शेवटी एकदा तोंडात खजूर धरून गेले," त्या म्हणाल्या. "बी चघळत बसले. बोलताच येईना. त्या दिवशी पास." मग यार्डातून पिकअप बाहेर काढायचं काही काम नसलं तरी त्या आठवड्यातून एकदा तरी ती काढून वसाहतीला एक चक्कर मारून येत. लायसन गंजू नये म्हणून.

त्या दाभोळच्या खाडीकडच्या. नवरा इक्बाल याच कंपनीत ड्रायव्हर होता. तो इथेच, हृदय बंद पडून गेला. त्याचं मयत गावी घेऊन गेला तो दाऊदमामू. मामू नात्यानं कुणी नव्हता, शेजारच्या गावचा. इथल्या सगळ्यांत जुन्या ड्रायव्हरांपैकी एक. त्यानंच त्या वेळच्या मॅनेजरची मिनतवारी करून, बारावी झालेल्या, पदरात लहान मुलगी असलेल्या या बाईला टेलिफोनवर नोकरी मिळवून दिली होती. टेलिफोनवरून त्या डिस्पॅचला आल्या आणि पुढे डिस्पॅच म्हणजे त्याच झाल्या. हे मला पहिल्याच दिवशी मामूनंच सांगितलं, आपांच्या देखत.

"माझी भाची आहे ही. मी आणली हिला. नाहीतर चुलीपाशी बसली असती."

"बसली नसती," आपा म्हणाल्या.

मामू हसला. पांढरी छाटलेली दाढी, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. अजून एक वर्ष आणि मग गावी, असं तो म्हणाला. खोलीतल्या सगळ्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की हे एक वर्ष बरीच वर्षं चालू आहे.

सोमवारी सकाळी गुल खान डोंगरापलीकडच्या इब्रा गावाहून रिकामी गाडी घेऊन परत आला. त्या रस्त्याचं रुंदीकरण चाललं होतं. तो आपांना सांगून गेला की मोठ्या वळणाच्या अलीकडचा जुना पेट्रोल पंप आता राहिला नाही. दोन दिवसांपूर्वी पाडला. तिथून रस्ता वळवलाय, सगळ्यांना सांगा.

दुपारी मामू फरशांचा माल घेऊन त्याच रस्त्यावर होता. आपांनी फोन लावला. गाडी बाजूला घ्यायला लावली.

"समोर काय दिसतंय, मामू?"

फोन स्पीकरवर होता. मामूचा आवाज निवांत होता. "काय दिसणार? तोच आपला पंप. निळा बोर्ड. वळण आलंच."

आपांच्या येरझाऱ्या थांबल्या. "पंपावर गर्दी आहे काय?"

"दोन गाड्या उभ्या आहेत."

"बरं. सावकाश जा."

त्यांनी फोन टेबलावर अलगद ठेवला. एरवी त्या फोन ठेवत नसत, आपटत. मी म्हटलं, "खोटं बोलले असतील. अजून मागेच असतील."

"खोटं बोलणारा माणूस 'पोचलो' म्हणतो. 'पंप दिसतो' कशाला म्हणेल?" तिसरा फोन वाजत होता. त्यांनी तो वाजू दिला. मला त्या दिवशी पहिल्यांदा त्या खोलीत भीती वाटली.

मंगळवारी सकाळी त्या बूट घालून यार्डात गेल्या आणि मामूला म्हणाल्या, इब्र्याच्या दुकानदारानं फरशा फुटल्याची तक्रार केलीय, मी स्वतः येते बघायला. ही पोरगी पण येईल, तिला शिकायचंय. मामूला आनंदच झाला. त्यानं सीट पुसली. मी मध्ये आणि आपा कडेला, अशा आम्ही दोघी केबिनमध्ये चढलो. यार्डातले ड्रायव्हर बघत राहिले.

रुसैल मागे पडलं, डोंगर सुरू झाले. मे महिन्याचा शेवट. रस्त्यावर ऊन पाण्यासारखं हलत होतं. मामू गाडी सुरेख चालवत होता. निदान मला तरी तसं वाटलं. गावच्या गोष्टी सांगत होता, कुठल्या खाडीत कुठला मासा, पहिल्यांदा आला तेव्हा हा रस्ता कसा होता. आपा ऐकत नव्हत्या. त्यांचा एक पाय सारखा हलत होता, जणू त्यांच्या बाजूलाही ब्रेक होता.

"मामू, माझा चष्मा राहिला. तो बोर्ड वाच ना, काय लिहिलंय."

"बिदबिद," मामूनं तत्काळ सांगितलं.

बिदबिद केव्हाच मागे गेलं होतं. मी आपांकडे पाहिलं. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. बोलू नकोस, असा.

त्यानंतर फार वेळ गेला नसेल. रस्ता जिथं वळवला होता तिथं एक बांगलादेशी कामगार उन्हात लाल झेंडी घेऊन उभा होता. मला तो बऱ्याच लांबून दिसला. नारिंगी जाकीट, तोंडाला गुंडाळलेलं फडकं. गाडीचा वेग कमी होईल म्हणून मी वाट पाहत होते. वेग कमी झाला नाही. मामू खाडीतल्या मुळ्या-शिंपल्यांबद्दल बोलत होता. तो कामगार झेंडी हलवायला लागला, मग दोन्ही हात हलवायला लागला.

"मामू, ब्रेक!" आपा ओरडल्या. "ब्रेक मार, माणूस आहे!"

मामूनं ब्रेक मारला. मागे फरशांचा प्रचंड आवाज झाला. मी पुढे आदळले. आपांचा हात माझ्या छातीवर आडवा होता. गाडी घसरत जाऊन थांबली तेव्हा तो कामगार झेंडी टाकून रस्त्याच्या कडेला उडी मारून पडलेला होता. तो उठला. कपडे झटकले. त्याला काही लागलं नव्हतं. तो शिव्या देईल असं मला वाटलं, पण तो आपली झेंडी शोधायला लागला.

आपा खाली उतरल्या. आधी त्याच्याकडे गेल्या, त्याच्या हातापायांवरून हात फिरवून बघितला, त्याला पाणी दिलं. मग वळसा घालून मामूच्या दाराशी आल्या. मामू खाली उतरून टायर बघत असल्यासारखं करत होता.

"किल्ली दे, मामू."

"काय झालं एवढं? लागला काय त्याला? नाय ना?"

"किती दिवस झाले?"

"काय किती दिवस? ऊन आहे. उन्हात कुणालाही..."

"मामू."

त्यानं टायरवरचा हात काढला. "संध्याकाळी जरा धूसर होतं. सकाळी काय नाय."

"आता सकाळच आहे," आपा म्हणाल्या. "किल्ली दे."

मग मामूचा चेहरा बदलला. इस्त्रीच्या शर्टातला तो माणूस एकदम परका झाला. "तुला या मुलखात आणली कुणी?"

"तू."

"इक्बालचं मयत गावी कुणी नेलं? तू तेव्हा उठूनसुद्धा बसत नव्हतीस. कुणी नेलं?"

"तूच नेलंस, मामू."

"आणि आता तू माझी किल्ली मागतेस? ह्या पोरीच्या देखत?"

"हां."

लांब डोंगरात कुठंतरी यंत्रांची घरघर चालली होती. मामूनं किल्ली काढली. त्यांच्या हातात दिली नाही, बॉनेटवर ठेवली आणि पुन्हा केबिनमध्ये चढून दार लावून घेतलं. आपांनी ती उचलली. पत्र्यावर ती तापली असावी, कारण त्या ती या हातातून त्या हातात करत राहिल्या. पण खाली टाकली नाही.

जड गाडी चालवायचं लायसन आपांकडे नव्हतं. त्यांनी गुल खानला फोन केला. तो रुसैलहून पिकअप घेऊन येणार होता. तोवर आम्हाला तिथंच थांबायचं होतं. कामगारांनी ताडपत्रीच्या सावलीत आम्हाला जागा करून दिली. मी तिथं बसले. आपा ताडपत्रीपासून ट्रकपर्यंत आणि ट्रकपासून ताडपत्रीपर्यंत चालत राहिल्या. दर फेरीला केबिनच्या खिडकीपाशी जात, पाण्याची बाटली वर धरत. खिडकी उघडत नसे. बंद गाडीत, त्या उकाड्यात, तो म्हातारा समोर बघत बसला होता.

"मामू, खाली ये. चक्कर येईल. मला शिव्या दे, पण सावलीत बसून दे."

मधे त्यांचे फोन वाजत होतेच. सोहारची गाडी, बंदरातली गाडी. त्या उन्हात उभ्या राहून सगळ्यांना विचारत होत्या, समोर काय दिसतंय. आवाज नेहमीसारखा होता. शेवटी केव्हातरी खिडकी चार बोटं खाली झाली आणि एका हातानं बाटली आत घेतली. आपा तिथून परत आल्या आणि मला म्हणाल्या, "पाणी घेतलं." जसं काही मी पाहिलंच नव्हतं.

गुल खान आला. ट्रक तोच इब्र्याला नेणार होता आणि आम्ही पिकअपनं परतणार होतो. आपांनी मामूसाठी पिकअपचं पुढचं दार उघडून धरलं. मामू त्यांच्या समोरून गेला, ट्रकला वळसा घातला आणि गुल खानच्या बाजूच्या सीटवर चढून बसला. इतक्या वर्षांत तो त्या बाजूला कधी बसला नसावा. बेल्ट कुठून ओढायचा ते त्याला सापडेना. गुल खाननं वाकून लावून दिला.

परतीच्या वाटेवर आपांनी पिकअप इतकी धक्के देत चालवली की त्यांना लायसन देणाऱ्याचं मला आश्चर्य वाटलं.

बुधवारी त्या कुरियनसाहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. मी दारातच थांबले तर म्हणाल्या, "आत ये. इंटर्न आहेस ना? हे पण ऑफिसच आहे."

कुरियनसाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि केबिनचं दार लोटलं. हिंदीत, हळू आवाजात म्हणाले, "जुलेखा, हे तू मला सांगितलंस तर मला ते कागदावर घ्यावं लागेल. कागदावर आलं की मी त्याला ठेवू शकत नाही. त्यापेक्षा मी काही ऐकलं नाही. त्याला लांबच्या फेऱ्या देऊ नकोस. वसाहतीतल्या वसाहतीत माल हलवू दे. कुणाला कळणार नाही. तुझा माणूस आहे, मला माहीत आहे."

मला सुटल्यासारखं झालं. मी आपांकडे बघितलं.

"सर, संध्याकाळी इथं काय असतं तुम्ही बघता ना? सगळ्या कारखान्यांच्या बसेस एकदम लागतात. हजार माणसं रस्त्यावर असतात. बस पकडायला पळतात, बघत पण नाहीत. तिथं देऊ त्याला गाडी?"

"मग तो घरी जाईल. समजतंय ना तुला?"

"समजतंय. त्याला यार्डात द्या काहीतरी. गेटवर द्या. टायर बघेल, माणसं बघेल."

कुरियनसाहेबांनी दोन्ही हात पसरले. "मागच्या आठवड्यात अकाउंट्सचा माणूस गेला. मी नवीन जागा कुठून आणू? माझीच जागा किती दिवस आहे, मला ठाऊक नाही."

आपांनी भांडून पाहिलं. आवाज चढवला, मग विनवणी केली, मग पुन्हा आवाज चढवला. बाहेर टायपिंगचे आवाज थांबले होते. शेवटी त्या म्हणाल्या, "लिहा मग. माझं नाव लिहा की मी सांगितलं. त्याला दुसऱ्या कुणाचा संशय नको यायला."

त्या रात्री जेवताना मी घरी सगळं सांगितलं, जमेल तसं मराठीत. बाबा म्हणाले, "साहेबांनी वाट काढून दिली होती. तिनं घ्यायला हवी होती. आजच्या दिवसांत एखाद्याची नोकरी घालवायची म्हणजे..."

"पण तो माणूस मेला असता, बाबा. झेंडीवाला."

"मेला नाही ना?"

हे बोलून झाल्यावर बाबांनी ताट बाजूला सारलं. मग उठून बाल्कनीत गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत. आई मला म्हणाली, "त्यांच्या खात्यातून आज दोघांना बोलावलं." मला आधी कुणी हे सांगितलंच नव्हतं.

गुरुवार माझा शेवटचा दिवस. गुल खाननं मामूला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेऊन आणलं होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पुढच्या आठवड्याचं तिकीट निघालं होतं. कागदावर रजा होती, पण त्या उन्हाळ्यात रजेवर जाणारा परत येत नाही हे सगळ्यांना माहीत होतं.

मामू सगळ्यांचा निरोप घ्यायला आला. एकेका टेबलाशी जाऊन हस्तांदोलन करत होता. मेकॅनिकांनी मिठ्या मारल्या. डिस्पॅचच्या दारात तो आला तेव्हा आपा खिडकीशी उभ्या होत्या, फोनवर. त्यांनी फोन कानापासून दूर केला. मामूनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाला, "खूप शिक, बेटा." आणि आपांकडे न बघता निघून गेला. कॉरिडॉरभर त्याच्या चपलांचा आवाज ऐकू येत राहिला.

फोनमधून कुणीतरी विचारत होतं, "हॅलो, बाजी? बाजी, सब खैरियत?"

आपांनी फोन पुन्हा कानाला लावला. "मेरी खैरियत छोड. रस्त्याकडे बघ." हिंदीतून मराठीत कधी घसरल्या ते त्यांना कळलं नाही. त्या पठाणाला ते बहुतेक समजलं असावं.

संध्याकाळी त्यांनी मला पिकअपनं घरी सोडलं. रस्त्यात सिग्नलला थांबल्यावर मी धीर करून विचारलं, "आपा, वाईट वाटलं?"

"वाटलं गो. काल रात्रभर भांडले मी त्याच्याशी, मनातल्या मनात. आणि प्रत्येक वेळी तोच जिंकला." सिग्नल सुटला. त्यांनी गाडीला असा झटका दिला की माझं डोकं मागे आदळलं. "त्याचं सगळं खरं होतं. त्यानंच आणलं मला. पण त्या झेंडीवाल्यालाही कुणीतरी आणलं असेल ना इथं?"

आमच्या इमारतीखाली गाडी थांबली. मी वर या म्हटलं. त्यांनी मान हलवली. माबेलाला घरी जायचं होतं, रमजान जवळ आला होता, आणि एक गाडी अजून सूर शहराच्या रस्त्यावर होती. प्रमाणपत्रावर त्यांनी सही केली होतीच. मी उतरले तेव्हा त्यांनी हाक मारून सांगितलं, "मराठी सुधारलं हां तुझं."

बाबांची नोकरी त्या वर्षी वाचली. पुढे एकदा त्यांनी मला, काहीही विषय नसताना, विचारलं, "त्या तुझ्या डिस्पॅचच्या बाई अजून तिथंच आहेत का?" मी हो म्हटलं. "चांगली बाई आहे," ते म्हणाले, आणि पेपर वाचायला लागले.

मी पुण्याहून अधूनमधून आपांना फोन करायची. दर वेळी मागे दुसरा फोन वाजत असे. हिवाळ्यात एकदा त्यांनीच सांगितलं की मामूचं ऑपरेशन झालं, दोन्ही डोळे साफ झाले. आता मशिदीत तो बाकीच्यांना कुराण वाचून दाखवतो.

"बोलला तुमच्याशी?"

"नाय. मी फोन केला तर बायकोकडे देतो." पलीकडे त्या चालत असाव्यात, बुटांचा आवाज येत होता. "नाय तर नाय बोलत. बघतोय ना. बास."

मी पुढे मालवाहतुकीतच शिरले. बाबांना याचं नवल वाटलं, मला नाही. दोन हजार एकोणीसमध्ये मी सोहारला नोकरीला होते. आपांचा नंबर बदलला होता आणि जुन्या कंपनीत कुणी उचलत नव्हतं. कुरियनसाहेबांसकट बरेच जण गेले होते, एवढंच कानावर आलं होतं.

एका सकाळी सोहारच्या औद्योगिक वसाहतीच्या फाटकावर माझी टॅक्सी रांगेत अडकली होती. पुढे एक ट्रेलर वळताना आडवा अडकला होता आणि दोन्ही बाजूंच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. त्या गोंधळाच्या मधोमध, ट्रेलरच्या ड्रायव्हरला हातानं मागे घे, मागे घे सांगत, एक बाई उभी होती. अंगात वसाहतीतल्या कामगारांचं नारिंगी जाकीट. केसांची एक पांढरी बट स्कार्फच्या बाहेर आली होती.

मी काच खाली करून ओरडले, "आपा!"

त्यांनी वळून पाहिलं. क्षणभर नजर इकडेतिकडे शोधत राहिली, मग माझ्यावर थांबली आणि चेहरा उजळला. हात वर करून त्या ओरडल्या, "अगो बाय, थांब! थांब, आलेच!"

मी दार उघडायला गेले. पण ट्रेलर सरकला होता, आणि फाटकावरचा गार्ड आमच्या रांगेला हातानं पुढे ढकलत होता. यल्ला, यल्ला. मागचे हॉर्न एकदम वाजायला लागले. माझा टॅक्सीवाला म्हणाला, इथं थांबता येणार नाही, आणि त्यानं गाडी पुढे घेतली. मी मागच्या काचेतून बघत होते. आपा गाड्यांच्या मधून वाट काढत, हात वर धरून, मी होते त्या जागेपर्यंत आल्या. तिथं आता दुसराच ट्रक उभा होता. त्यांनी त्याच्या बॉनेटवर दोन थापा मारल्या, ड्रायव्हरला काहीतरी सांगितलं, आणि लगेच पुढच्या गाडीला वाट करून द्यायला धावल्या.